मागून नसलेली गाडी

ताईला जाऊन अजून फार दिवस झाले नाहीत. भेटायला येणारी माणसं तिच्याबद्दल चांगलंच बोलतात. कुणी म्हणतं तिच्या हाताला गुण होता, कुणी म्हणतं फार मायाळू होती. मी मान हलवतो. मायाळू ती असेलही. मला मात्र ती आठवते ती एक डोळा मिटून, काहीतरी उजेडासमोर धरून पाहताना. संत्र्याची फोड असो, फुटलेल्या बांगडीचा तुकडा असो की कुणाचा उपटलेला दात, हातात आलेली वस्तू ती आधी खिडकीशी नेत असे. तशी तिला पाहिल्याची एक गोष्ट लिहावी असं गेले काही दिवस वाटतं आहे. लिहिताना मधेच थांबायला होतं, म्हणून वेळ लागतो आहे.

ताई दातांची डॉक्टर होती. धंतोलीत एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत तिचं काम चाले. पुढच्या खोलीत खुर्ची, मागच्या खोलीत कवळ्या बनवायचं सामान. मी तिच्याहून लहान, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. आई वारल्यानंतर घरात आम्ही तिघंच उरलो होतो, बाबूजी, ताई आणि मी. सत्तर साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील.

बाबूजी रस्ते बांधणाऱ्या सरकारी खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाले होते. मौद्याजवळ आमची थोडी धानाची शेती होती. आई असताना ते तिकडे महिन्यातून एखादेवेळी जात. ती गेल्यावर दर दोन-चार दिवसांनी जाऊ लागले. जायचे गाडीने. खात्यातल्या एका साहेबाने बदली झाल्यावर विकलेली ती छोटी विलायती गाडी होती. बाबूजींच्या हाती आली तेव्हाच जुनी होती, आणि तसली दुसरी गाडी नागपुरात मी तरी कधी पाहिली नाही. रोज सकाळी आंघोळीच्या आधी ते तिला जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत. कोरडंच पुसत, कारण पाण्याने पत्र्याला गंज चढतो असं त्यांचं मत होतं.

एका संध्याकाळी ते मौद्याहून उशिरा आले. जेवायला बसल्यावर मीठ मागावं तशा आवाजात म्हणाले, "आज एका ट्रकवाल्यानं मागून ठोकली."

ताईचा हात थांबला. "लागलं का तुम्हाले?"

"मले काय लागते? बंपर वाकला. त्यानं ब्रेक मारला होता, पण उशिरा. मी उतरलो, म्हटलं, आंधळा आहे का गा तू? तर तो भांडलाच नाही. हात जोडून म्हणते कसा, चाचाजी, आपकी गाडी पीछे से है ही नहीं." बाबूजी हसले. "मागून नाहीच म्हणे. एवढी मोठी गाडी."

आम्ही दोघं हसलो नाही. ताईने हात धुतले, टॉर्च घेतला आणि अंगणात गेली. मी तिच्या मागे गेलो. तिने गाडीतला, दिवे लावायचा खटका दाबला आणि आम्ही फाटकाबाहेर जाऊन उभे राहिलो. मागचे दोन दिवे लागलेले होते. म्हणजे ते लागलेले आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. पाहणाऱ्याला दोन तपकिरी ठिपके दिसले असते, चहाच्या गाळासारखे.

"बल्ब गेले असतील," मी म्हणालो.

तिने पेचकस आणून एका दिव्याची काच काढली. सगळे तिला काच म्हणत, पण होती ती लाल प्लॅस्टिकची. काच निघाल्याबरोबर बल्बचा उजेड डोळ्यांवर आला. बल्बचं काहीच बिघडलेलं नव्हतं.

ती आत गेली आणि बाबूजींना म्हणाली, "ट्रकवाला खरं बोलला. तुमची गाडी मागून नाहीच. मागचा दिवा दिसत नाही तवर मौद्याले जाणं बंद."

"दिवसा जाईन."

"येता तर अंधारात ना."

"बाया धानाच्या बांधीतून निघाल्याशिवाय मी कसा निघू? मालक आधी पळाला म्हणतील."

"मग एस.टी.नं जा."

यावर बाबूजींनी ताट सरकवलं. "तो रस्ता मी बांधला आहे वं. खडी कुठं जाड आहे अन् कुठं बारीक, ते मले ठाऊक. अन् मले एस.टी.त बसवून राहिली?"

ताईने उठून गाडीची किल्ली खुंटीवरून काढून आपल्या पर्समध्ये टाकली. बाबूजींनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. त्यांचं मौद्याला जाणं म्हणजे नुसती शेती नव्हती, हे आम्हा दोघांना कळत होतं. घरात दुपार काढणं त्यांना जमत नव्हतं. पहिल्या दोन दिवसांतच ते व्हरांड्यातून फाटकापर्यंत आणि फाटकापासून व्हरांड्यापर्यंत जाऊ-येऊ लागले. जेवण निम्म्यावर आलं. दाढी करायचीही राहू लागली.

तिसऱ्या दिवशी ते मला घेऊन जरीपटक्याला गेले. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारं एक दुकान होतं. दुकानदाराने काच हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "इसकी काँच? बाबूजी, इसकी तो अब फोटो भी नहीं मिलेगी," तो म्हणाला. मग आमचा चेहरा पाहून त्याने स्कूटरचा मागचा दिवा बसवून द्यायची तयारी दाखवली.

"गाडीले स्कूटरचं शेपूट लावू?" बाबूजी मला म्हणाले, त्याला ऐकू जाईल अशा बेताने. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा बाबूजी फाटकात उभे होते. दाढी केलेली, पायजमा स्वच्छ. मला हाताला धरून त्यांनी गाडीच्या मागे नेलं. दोन्ही काचा अगदी लाल दिसत होत्या, पिकल्या मिरचीसारख्या. उन्हात त्या नव्यासारख्या वाटत होत्या.

"काय लावलं?" मी विचारलं.

"सांगत नाही. डॉक्टरीणबाईले येऊ दे."

ताई आली. तिनेही पाहिलं आणि तिलाही क्षणभर आनंद झाला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बाबूजींनी मग रहस्य सांगितलं. त्यांनी लाल दंतमंजन लावलं होतं. वर्षानुवर्षं ते त्या मंजनाने दात घासत आणि ताई त्यांना रागावत असे की त्यात खरखर असते, दाताचं वरचं कवच त्याने घासून निघतं. "तूच सांगते ना घासून निघते म्हणून? म्हटलं, दात घासून निघतात तर काचेवरचं हे मेणचट काहून निघणार नाही? बसलो दोन घंटे. आता दे किल्ली."

"अंधार पडू द्या," ती म्हणाली.

अंधार पडल्यावर दिवे लावले. काचा आधीपेक्षा मंद होत्या. आम्ही तिघंही फाटकाबाहेर उभे होतो. बाबूजींनी पुढे जाऊन बोटाने काच पुसली, मागे आले, पुन्हा पाहिलं.

"दिवसा तर लाल होती," ते म्हणाले. त्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

मलाही नवलच वाटत होतं. इतकी लाल वस्तू उजेड आला की विझते कशी? ताईने दोन्ही काचा काढल्या, बादलीत धरल्या आणि जुन्या मऊ ब्रशने घासल्या. पाणी गेरूसारखं झालं. गेरूच होता तो. मंजनातली लाल माती काचेच्या ओरखड्यांत जाऊन बसली होती. बाहेरचं ऊन तिच्यावर पडलं की ती लाल दिसायची, पण आतून येणाऱ्या उजेडाला ती मातीच होती. ताईने हे बाबूजींना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान हलवली. बांधकामाचा माणूस, त्यांना ते पटलं. "म्हणजे मी खिडकी लिंपली," ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

धुतलेली एक काच घेऊन ताई स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसली. टॉर्च काचेच्या मागे धरला आणि एक डोळा मिटला. मग मला दाखवलं. उजेडाच्या भोवती बारीक बारीक गोल रेषा दिसत होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एकात एक.

मी पुस्तकांतला माणूस. मला ते पाहून भरून आलं. मी म्हणालो, "हा बाबूजींचा हात आहे, ताई. रोज सकाळी गोल गोल पुसतात ना, तो."

तिने टॉर्च थोडा बाजूला सरकवला. सगळे गोल टॉर्चबरोबर सरकले. ती काच तशीच धरून टॉर्च खाली नेऊ लागली, वर नेऊ लागली, आणि गोल त्याच्यामागे फिरत राहिले.

"बाबूजींचा हात काय टॉर्चच्या मागं पळून राहिला?" ती म्हणाली.

मग आम्ही दोघं त्यातच रमलो. टॉर्चऐवजी मेणबत्ती धरली, तरी गोल ज्योतीभोवती जमले. शेवटी तिला उलगडलं. ओरखडे गोल नव्हतेच. ते काचेवर सगळीकडे होते, उभे, आडवे, तिरपे, हवे तसे. पण उजेडाला जे आडवे येत तेवढेच चमकत, आणि आडवे येणारे सगळे मिळून उजेडाभोवती गोल धरून बसल्यासारखे दिसत. तिला एवढा आनंद झाला की तिने पोळीच्या डब्यावर बोटांनी ताल धरला. माझं भरून आलेलं मन तसंच राहून गेलं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नाही. ती जे दाखवत होती ते जास्त नवलाचं होतं. अजूनही संध्याकाळी पुसून झालेल्या काचेमागे दिवा दिसला की मी डोकं हलवून पाहतो. गोल हलतात.

"तर मळ नाही हा," ती म्हणाली. "मळ असता तर धुऊन गेला असता. वरचा पापुद्राच उन्हानं, धुळीनं अन् फडक्यानं खरवडला आहे. अन् हे प्लॅस्टिक मले ओळखीचं वाटते."

ती कोणत्या ओळखीबद्दल बोलत होती ते रविवारी कळलं. दवाखाना बंद होता. तिने मला मागच्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर एक मोटार होती, तिच्या दांड्याला कापडाचं जाड चाक. कवळी घडवून झाली की तिला याच चाकावर चकाकी देत. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी पदार्थाच्या होत्या, त्याच जातीचं हे लाल प्लॅस्टिक असावं, असा तिचा अंदाज होता. पक्कं तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिने आधी काचेच्या आतल्या कडेवर, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, चाक टेकवून पाहिलं. एक गोडसर, नाकात जाणारा वास सुटला. तो वास कवळीचाच, असं म्हणून ती खूश झाली, आणि तेवढ्यात ती कड वितळून लाळेसारखी ओघळली.

"कोरडं चाक," ती म्हणाली. "तापलं."

मी म्हणालो, "राहू दे, ताई. दुसरी मिळणार नाही."

तिने ऐकलं नाही. एका वाटीत ज्वालामुखीच्या दगडाची करडी भुकटी पाण्यात कालवली, चाक ओलं केलं आणि मोटार सावकाश फिरवली. आता वास येईना. पण मी वाकून काच पाहिली. आधी ती धुरकट तरी होती, आता ती पांढरटच झाली, पाटीवर खडूने रेघा मारून हाताने पुसाव्या तशी. वाटीतला लगदा गुलाबी होत होता.

"रंग निघून राहिला," मी म्हणालो.

"रंग वरून दिलेला नाही. आरपार आहे. कलिंगडाची साल नाही ती, गर आहे."

"अन् ही पांढरी काहून झाली?"

तिने मोटार बंद केली. हे ती मला नीट सांगू इच्छित होती. "खोल ओरखडा भरता येत नाही. भरला तर काय होते ते बाबूजींनी दाखवलं. तो घालवायचा तर त्याच्या आजूबाजूचं सगळं त्याच्याइतकं खाली आणावं लागते. म्हणून सगळीकडे ओरखडे पाडायचे, पण त्याच्याहून बारीक. मग त्या बारकांवर आणखी बारीक. शेवटचे इतके बारीक पाहिजे की उजेडाले ते समजतच नाहीत."

"म्हणजे ओरखडे जात नाहीत?"

"कवळीचेही जात नाहीत. जिभेले लागले नाही म्हणजे झालं."

नंतर पुष्कळ वर्षांनी मी एका पुस्तकात याविषयी वाचलं आणि ती बरोबर होती हे कळलं. तिला सांगायचं राहून गेलं. तिला तर ते आधीच ठाऊक होतं, सांगून काय झालं असतं. पण सांगायला हवं होतं.

दगडाची भुकटी धुऊन तिने दुसरं, मऊ चाक लावलं आणि खडूची भुकटी घेतली. पांढरटपणा हळूहळू कमी झाला. आधी मधे एक लाल डाग उघडला, मग तो पसरत कडांकडे गेला. तिने काच पुसून खिडकीशी धरली. तिच्या गालावर लाल चौकोन पडला. टॉर्च लावून पाहिलं. गोल रेषा शोधाव्या लागत होत्या.

मी दुसरी काच पुढे केली. तिने घेतली नाही. "ती असू दे तशीच. नाहीतर फरक कशाशी पाहू?"

घरी आल्यावर बाबूजींना हे आवडलं नाही. "एका डोळ्यात काजळ घातल्यावाणी दिसून राहिली. दोन्ही करून टाकायच्या होत्या."

"तुम्ही चला तर," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या सुमारास आम्ही पारडीच्या नाक्यापुढे, मौद्याकडे जाणाऱ्या भंडारा रोडवर गेलो. तेव्हा तिथे घरं संपायची आणि दोन्ही बाजूंना झाडं लागायची. गाडी ताई चालवत होती. तिला बाबूजींनीच शिकवलं होतं. तिने त्यांना आणि मला रस्त्याच्या कडेला उतरवलं.

"मी सरळ जाते. कोणता दिवा कुठं दिसेनासा होते ते पाहा," ती म्हणाली.

"मी काहून पाहू? ह्याले पाहू दे. मी चालवतो."

"ह्यानं पाह्यलं तर तुम्ही मानाल का?"

बाबूजी उभे राहिले. ताई निघाली. मला वाटतं, आपली गाडी लांब जाताना त्यांनी त्याआधी कधी पाहिली नव्हती. ती घेऊन जाणारे नेहमी तेच असत.

पहिल्या दोन-तीन झाडांपर्यंत दोन्ही दिवे दिसले, एक लाल, एक मळका. मग उजवीकडचा गेला. काही खटका दाबल्यासारखा नव्हे, आपण कधी पाहायचं थांबलो ते कळू नये तसा. उरला एकच.

"सायकल वाटून राहिली," बाबूजी म्हणाले.

थोडं थांबून ते म्हणाले, "त्यानं तर दोन्ही असेच पाह्यले असतील." ते ट्रकवाल्याबद्दल बोलत होते.

डावा दिवा जातच होता. लहान झाला, पण लालच राहिला. मला वाटलं आता ती वळेल. ती वळली नाही. कुठवर दिसतो ते तिलाही पाहायचं असणार, पण ती तर गाडीत होती, तिला काय कळणार. बाबूजींनी डोळ्यांवर हात धरला. "इतकी लांब काहून जाऊन राहिली ही?"

"वळेल," मी म्हणालो.

मागून एक ट्रक आला. आमच्या अंगावर धूळ उडवून तो त्याच दिशेने गेला, भरलेला आणि वेगात. बाबूजींनी माझं मनगट धरलं. ट्रकचा आकार लाल ठिपक्याच्या दिशेने जात राहिला आणि ठिपका त्याच्यामागे झाकला गेला. मग पुढे काहीच दिसेना, फक्त ट्रकची पाठ. बाबूजींचं बोट माझ्या मनगटात रुतत होतं. ते मौद्याहून यायचे असत त्या संध्याकाळी आम्ही दोघं फाटकात उभे राहून जसे रस्त्याकडे पाहत असू, तसे ते आता पाहत होते.

ट्रकचा मागचा दिवा एकदा भडक झाला. त्याने ब्रेक लावला होता. मग ती मोठी पाठ उजवीकडे सरकली आणि तिच्या डाव्या बाजूने आमचा लाल ठिपका पुन्हा बाहेर आला, होता तसा.

"दिसली त्याले," बाबूजी म्हणाले. मनगट सोडलं नाही.

काही वेळाने पुढचे दिवे आमच्याकडे येताना दिसले. ताईने गाडी आमच्याजवळ थांबवली आणि खिडकीची काच खाली करून विचारलं, "कुठवर दिसला?"

"इतकी लांब जायची काय गरज होती वं तुले?"

"दिवा दिसत होता ना तुम्हाले? मग."

बाबूजी गाडीच्या मागे गेले. वाकून दोन्ही काचांकडे पाहिलं, उजवीवर नख फिरवलं. ताईने किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"ही उजवी उद्या कर," ते म्हणाले. "तवर मी मौद्याले जात नाही."

"उद्या रुग्ण आहेत. परवा करते."

"परवा कर. घाई नको. कड वितळवली म्हणे तू एक."

ती माझ्याकडे पाहून हसली. चुगली मीच केली होती.

परतताना तीच चालवत होती आणि बाबूजी तिच्या बाजूच्या सीटवर बसले होते. मी मागे. पाहतो तर ते सारखे वळून मागच्या काचेतून बाहेर बघत होते. आपल्या गाडीचा मागचा दिवा आत बसून दिसत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण आमच्या चाकांची धूळ मागे उडत होती, आणि तिच्यावर डावीकडे तांबडं पडलं होतं. उजवीकडे नुसती धूळ होती.

"पुढं पाहा ना बाबूजी, मान आखडेल," ताई म्हणाली.

"तू पाह्य पुढं," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत मागेच पाहत राहिले.